भूतान कुणाच्या ओंजळीनं पाणी पितो?

(शिरपूर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची सगळी मंडळी आणि शिरपूरकर श्रोतेहो,

व्याख्यानाचा फलक लागल्यापासून दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, पाकिस्तानवर बोला, नाहीतर चीनवर. भूतानवर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय?" त्यांचं अगदीच चूक नाही. भांडणाच्या बातम्या होतात, सलोख्याच्या होत नाहीत. भारत आणि भूतान यांच्यातला मैत्रीचा करार १९४९ सालचा. पंचाहत्तर वर्षं उलटून गेली त्याला. या काळात आपलं पाकिस्तानशी, चीनशी युद्ध झालं, श्रीलंकेत सैन्य पाठवून आपण हात पोळून घेतले, नेपाळशी रुसवेफुगवे तर चालूच असतात. भूतानशी मात्र टिकलं. ते का टिकलं याचं आपल्याकडचं उत्तर तयार असतं, "तो चिमुकला देश, आपल्याच ओंजळीनं पाणी पितो, जाईल कुठं?"

मला आज या उत्तराशीच भांडायचं आहे.

आधी आकार लक्षात घ्या. भूतानचं क्षेत्रफळ साधारण ३८ हजार चौरस किलोमीटर. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्याहून लहान भरतील. पण लोकसंख्या? २०१७च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ सालीच सोळा लाखांच्या वर माणसं होती. एवढीशी वस्ती, डोक्यावर चीन, बाकी तिन्ही बाजूंनी भारत. समुद्र नाही. अशा देशाला मैत्री करण्यावाचून गत्यंतर नसतं, असं आपण म्हणतो. पण अशा देशाला टिकून राहणंही सोपं नसतं, हे खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कारण आपणही कधीकाळी असेच मधल्या जागेतले होतो. इथून थाळनेर किती लांब आहे? तापीच्या काठी फारुकींच्या कबरी आहेत, शाळेच्या सहलीत पाहिल्या असतील. १३८२ साली मलिक राजानं इथं स्वतंत्र राज्य सुरू केलं. त्याच्या मुलानं, नासिरखानानं, असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं. राज्य छोटं, उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला बहमनी. फारुकींनी बहमनींच्या घरात मुलगी दिली, गुजरातशी सोयरिकी केल्या, ज्याचा जोर असेल त्याच्याकडं झुकले, पुन्हा सरळ झाले. दोनशे वर्षं काढली त्यांनी अशी. पण किंमत काय मोजली? आदिलखान दुसरा यानं गुजरातची खंडणी थांबवली, तर महमूद बेगडा सैन्य घेऊन तापीवर आला आणि खंडणी वसूल करून गेला. पुढं गादीचा वाद झाला तेव्हा तोच बेगडा पुन्हा आला आणि आपल्या पसंतीचा माणूस खानदेशच्या गादीवर बसवून गेला. म्हणजे थाळनेरच्या गादीवर कोण, हे गुजरातेत ठरलं. आणि शेवटी १६०१ साली अकबरानं असीरगड घेतला, तेव्हा सोयरिकी कामाला आल्या नाहीत.

लहान राज्याला मोठ्या शेजाऱ्याकडून दोनच भीती असतात. एक, तो आपल्याला गिळेल. दुसरी, गिळणार नाही, पण घरात कोण कारभारी हे तो ठरवेल. भूतानचा दीडशे वर्षांचा सगळा राजकारभार या दोन भीतींना तोंड देण्यात गेला आहे, आणि माझ्या मते तो फार हुशारीनं केला गेला आहे.

गोष्ट सुरू होते मारामारीनं. बंगाल आणि आसामच्या पायथ्याला जो सपाट, सुपीक पट्टा आहे त्याला दुआर म्हणतात. आज तिथं चहाचे मळे आहेत. तो पट्टा भूतानच्या ताब्यात होता, आणि इंग्रजांचा डोळा त्यावर होता. १८६४ साली इंग्रजांनी ॲशली ईडन नावाचा वकील पुनाखाला पाठवला. भूतानच्या दरबारानं त्याचं काय केलं माहीत आहे? भरदरबारात त्याचे केस ओढले, तोंडाला ओली कणीक फासली आणि एका कागदावर त्याची सही घेतली. ईडननं सहीशेजारी इंग्रजीत लिहून ठेवलं की ही सही माझ्यावर सक्ती करून घेतली आहे. तो परत आला आणि युद्ध पेटलं. या युद्धात देवनगिरी नावाच्या ठिकाणी भूतानी सैन्यानं इंग्रजांना हुसकून लावलं आणि त्यांच्या दोन तोफाही पळवल्या. हे देवनगिरी नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. पण अखेर व्हायचं तेच झालं. नोव्हेंबर १८६५मध्ये सिंचुलाचा तह झाला, दुआर गेले, आणि मोबदल्यात इंग्रजांनी भूतानला वर्षाला पन्नास हजार रुपये द्यायचं कबूल केलं.

आपल्याकडच्या संस्थानिकांच्या वाट्याला असे तह आले तेव्हा पुढची पायरी ठरलेली असायची. रेसिडेंट यायचा, मग तैनाती फौज, मग दत्तक नामंजूर. भूतानात रेसिडेंट बसला नाही. १९०७ साली उग्येन वांगचुक पहिला वंशपरंपरागत राजा झाला, आणि १९१०च्या पुनाखा करारात इंग्रजांकडून त्यानं लिहून घेतलं की भूतानच्या अंतर्गत कारभारात हात घालणार नाही. बदल्यात त्यानं मान्य केलं की परराष्ट्र व्यवहारात इंग्रजांच्या सल्ल्यानं चालू. वार्षिक रक्कम एक लाखावर गेली. सौदा कसा आहे पाहा. घराचं दार तुम्ही सांभाळा, घरात पाऊल टाकू नका. फारुकींना हे साधलं नव्हतं.

मग इंग्रज गेले. आता नव्या भारताशी काय नातं? संस्थानं विलीन होत होती, हैदराबादेत पोलीस कारवाई होऊन गेली होती. भूतानच्या दरबारात धाकधूक असणारच. ८ ऑगस्ट १९४९ला दार्जिलिंगला करार झाला. त्याचं दुसरं कलम जवळजवळ १९१०चंच होतं. अंतर्गत कारभारात भारत ढवळाढवळ करणार नाही, परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्यानं चालेल. वार्षिक रक्कम पाच लाख. पण चौथं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्याकडं त्याची कुणी आठवण काढत नाही. त्या कलमानं भारतानं भूतानला सुमारे बत्तीस चौरस मैल जमीन परत दिली. कुठली? देवनगिरीची. जिथं तोफा पळवल्या होत्या, तीच. स्वतंत्र होऊन दोन वर्षं झालेल्या देशानं, फाळणीत हात कापून घेतलेल्या देशानं, इंग्रजांनी घेतलेली जमीन शेजाऱ्याला परत केली. बत्तीस चौरस मैल म्हणजे फार नव्हे. पण जमीन सुटली की माणसाच्या मनातली पहिली भीती, गिळण्याची, ती कमी होते. इथं बसलेल्यांपैकी ज्यांचे बांधाचे खटले चालू आहेत त्यांना याची किंमत कळेल.

आता १९५८. नेहरू भूतानला निघाले, सोबत इंदिराबाई. रस्ता? भारतातून भूतानात जायला गाडीरस्ताच नव्हता. गंगटोकहून नथू ला ओलांडायचा, तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरायचं आणि तिथून पश्चिम भूतानात शिरायचं. म्हणजे भारताच्या पंतप्रधानाला मित्राच्या घरी जायला चीनच्या अमलाखालच्या मुलखातून, तट्टूवर आणि याकवर बसून, काही दिवस प्रवास करावा लागला. पारोच्या भाषणात नेहरूंनी उघडच सांगितलं की भारत मोठा आणि भूतान लहान म्हणून आम्ही दबाव आणू असं कुणाला वाटेल, तर आमची इच्छा इतकीच आहे की तुम्ही स्वतंत्र राहावं आणि तुमची वाट तुम्ही निवडावी.

सुंदर भाषण होतं. पण भाषणानं रस्ता होत नाही. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांचा पाय रस्त्याच्या बाबतीत जरा अडखळतच होता, कारण रस्त्यानं मदत येते तसं सैन्यही येतं. निर्णय झाला तो तिबेटमुळं. १९५९ला ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, पश्चिम तिबेटात भूतानची पिढ्यान्‌पिढ्यांची काही छोटी गावठाणं होती ती चीननं ताब्यात घेतली. चिनी नकाशांत भूतानचा मुलूख चीनचा म्हणून रंगवलेला दिसू लागला. १९६०ला भूताननं तिबेटची सीमा बंद केली. मीठ, लोकर, सगळा उत्तरेचा व्यापार शतकानुशतकांचा. एका फटक्यात बंद. ही छोटी गोष्ट नव्हती. एक देश आपली पाठ कुणाकडं आणि तोंड कुणाकडं, हे बदलत होता.

आणि मग १९६१पासून आपल्या सीमा रस्ते संघटनेचा 'दंतक' प्रकल्प सुरू झाला. फुंतशोलिंग ते थिम्पू. खेचरांवरून सहा दिवसांची वाट होती ती. डोंगर सुरुंगानं फोडायचा, पावसाळ्यात दरड येऊन महिन्याचं काम वाहून जायचं, पुन्हा फोडायचा. दंतकच्या आजवरच्या कामात हजाराहून जास्त माणसं गेली आहेत. आपल्याकडं शहीद म्हटलं की गोळी लागलेला जवान डोळ्यांसमोर येतो. बेलचा-कुदळ हातात असताना दरडीखाली गेलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. त्याच वर्षी भूतानची पहिली पंचवार्षिक योजना आली, सुमारे साडेसतरा कोटींची, सगळा पैसा भारताचा. हा लष्कराला प्रशिक्षण देण्याचाही आरंभकाळ, 'हा' नावाच्या खोऱ्यात भारतीय प्रशिक्षण पथक बसलं.

इथं आपलं ते ओंजळीचं वाक्य खरं वाटायला लागतं. रस्ता भारताचा, योजना भारताची, फौजेचे शिक्षक भारताचे. मग स्वतःचं काय राहिलं? थोडं थांबा. या राजानं भारताच्या पैशानं काय केलं ते पाहा. १९६२ला कोलंबो योजनेत प्रवेश. १९६९ला जागतिक टपाल संघटनेत. टपालाची तिकिटं छापून जगभर विकली, म्हणजे देश म्हणून आपलं नाव लोकांच्या पाकिटांवर पोचवलं. आणि २१ सप्टेंबर १९७१ला संयुक्त राष्ट्रसंघाचं सदस्यत्व, भारताच्या पाठिंब्यानं. ज्या देशानं लिहून दिलं होतं की परराष्ट्र व्यवहारात तुमचा सल्ला घेऊ, त्यानं त्याच सल्लागाराचा हात धरून जगाच्या दारात पाऊल टाकलं. एकदा संघाचा सदस्य झाल्यावर गिळण्याची भीती संपली. सिक्कीम १९७५ला भारतात विलीन झालं, ते तुम्हाला माहीत आहे. भूतानच्या बाबतीत तसं होणं १९७१लाच अशक्य झालं होतं. याला मी राजकारण म्हणतो. डिसेंबर १९७१ला बांगलादेशाला सर्वांत आधी मान्यता देणाऱ्या देशांत भूतान होताच, आणि पुढं १९७९ला हवानाच्या अलिप्ततावादी परिषदेत कंबोडियाच्या प्रश्नावर भारतापेक्षा वेगळी भूमिकाही घेतली. दिल्लीत भुवया उंचावल्या. भूतानचं म्हणणं साधं होतं, सल्ला घेऊ असं लिहिलंय, ऐकूच असं कुठं लिहिलंय?

परवा हा विषय एका बैठकीत बोलत होतो, तर एक ज्येष्ठ शेतकरी शांतपणे म्हणाले, "बठ्ठं खरं शे सर, पन यामा आपले काय भेटस?"

यात आपल्याला काय मिळतं, हा रास्त प्रश्न आहे, आणि उत्तर विजेपासून देतो. १९७४ला चुखा प्रकल्पाचा करार झाला, वांगछू नदीवर, ३३६ मेगावॉट. खर्च भारताचा, साठ टक्के अनुदान, चाळीस टक्के कर्ज. भूतानला लागेल तेवढी वीज भूतान ठेवणार, उरलेली भारत विकत घेणार. १९८६पासून वीज सुरू झाली. मग कुरिछू, मग ताला १०२० मेगावॉट, २०१९ला मांगदेछू ७२० मेगावॉट. यात धरणाची फार प्रचंड भिंत वगैरे नाही. नदीचं पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटात नेऊन खाली टर्बाइनवर सोडायचं. गावं बुडत नाहीत. आपण उकई-सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या शेजारी राहतो, नंदुरबारच्या मंडळींना हा फरक लगेच समजेल.

ही वीज कुठं जाते? आपल्या ग्रिडमध्ये. २०१३च्या अखेरीस रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि सगळ्या देशाचं ग्रिड एक झालं. तेव्हा भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जाळून निघणारी वीज आणि हिमालयातल्या नदीची वीज एकाच जाळ्यात पडते. पावसाळ्यात भूतानच्या नद्या दुथडी असतात, तेव्हा वीज आपल्याकडं येते. हिवाळ्यात नद्या आटतात, तेव्हा अलीकडं भूतान आपल्याकडून वीज विकत घेतो. आणि दर? हा मुद्दा महत्त्वाचा. चुखाचा दर भूताननं वेळोवेळी वाढवून घेतला आहे. मांगदेछूचा सुरुवातीचा दर युनिटला ४ रुपये १२ पैसे ठरला, तोही घासाघीस करून. भिकारी दराची घासाघीस करत नाही, व्यापारी करतो.

सगळंच आलबेल आहे असं समजू नका. पुनात्सांगछू-१ नावाचा १२०० मेगावॉटचा प्रकल्प आहे. काम सुरू झालं, आणि धरणाच्या जागेचा उजवा डोंगरच सरकायला लागला. सुरुवातीचा अंदाज साडेतीन हजार कोटींच्या घरातला, तो नऊ हजार कोटींच्या वर गेला. पाडळसे धरणाची वाट पाहणाऱ्या अमळनेरकरांना मी अधिक काय सांगू? फरक एवढा की इथला बोजा आपल्याच सरकारच्या डोक्यावर, आणि तिथं त्यातला मोठा वाटा कर्ज म्हणून एका छोट्या देशाच्या डोक्यावर. भूतानवरच्या परकीय कर्जातला मोठा भाग जलविद्युत प्रकल्पांचाच आहे आणि तिथली शिकलेली मुलं याबद्दल बोलतात, रागानंही बोलतात.

व्यापाराचं एक चित्र सांगतो, कारण ते इथल्या माणसाला पटकन दिसेल. जयगाव हे पश्चिम बंगालमधलं गाव, पलीकडं भूतानचं फुंतशोलिंग, मध्ये फक्त एक कमान. इकडं हॉर्न, गाड्या, फेरीवाले; कमानीखालून पलीकडं गेलं की एकदम शांत. त्या फुंतशोलिंगला बटाट्याचा लिलाव होतो. वरच्या खोऱ्यांतला शेतकरी ट्रक घेऊन येतो, यार्डात ढीग लावतो, प्रतवारी करतो, आणि बोली लावायला येतात भारतातले व्यापारी. आपला रावेरचा केळीवाला सकाळी उठून बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला ते बघतो ना, तसा तो शेतकरी जयगावच्या पलीकडच्या बाजाराकडं डोळे लावून बसलेला असतो. त्याचं नाणं ङुलट्रम, १९७४पासून. पण त्याची किंमत रुपयाला बांधलेली, एकास एक. २०१२ला भूतानात रुपयांचा तुटवडा झाला तेव्हा गाड्यांची आयात थांबवावी लागली, कारण आयात बहुतेक भारतातून आणि खिशात रुपया नाही. करोनात मार्च २०२०पासून सप्टेंबर २०२२पर्यंत ती कमान बंद राहिली, तेव्हा जयगावच्या दुकानदारांवर माशा मारायची पाळी आली होती.

आता त्या ज्येष्ठांच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर, वीजही ज्याच्यापुढं लहान आहे. दोचुला नावाची खिंड आहे, थिम्पूहून पुनाखाला जाताना. हल्ली आपल्याकडचेही पुष्कळ पर्यटक तिथं जाऊन येतात, फोटो व्हॉट्सॲपवर येतात. मागं हिमशिखरं आणि पुढं १०८ छोटे स्तूप. फोटो काढणाऱ्या कितीजणांना विचारलं, हे स्तूप कशाचे? कुणी म्हणतं जुने असतील, कुणी म्हणतं बौद्ध लोकांचं असतं तसं काहीतरी.

ते २००३च्या लढाईचे आहेत. त्या वेळी उल्फा, बोडो आणि कामतापुरी अतिरेक्यांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तीसेक तळ थाटले होते. आसामात स्फोट करायचे आणि सीमा ओलांडून भूतानात शिरायचं. यातले बरेच तळ समद्रुप जोंखार जिल्ह्यात होते, म्हणजे आपल्या देवनगिरीच्याच परिसरात. भारत अनेक वर्षं मागं लागला होता. भूतानचं सैन्य पाच-सहा हजारांचं, लढाईचा अनुभव शून्य. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी आधी बोलणी केली, पुष्कळ केली. संसदेत चर्चा झाल्या. भारतीय सैन्याला आत बोलावणं सगळ्यात सोपं होतं, पण ते केलं नाही. १५ डिसेंबर २००३ला भूतानच्या सैन्यानं स्वतः हल्ला केला, राजा स्वतः आघाडीवर. थोड्याच दिवसांत तळ उद्ध्वस्त झाले. त्यात गेलेल्यांच्या स्मरणार्थ राणीमातांनी ते १०८ स्तूप बांधले. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणारा माणूस असलं काम करत नाही. त्यानं सैन्य मागवलं असतं.

आणि याचा हिशेब पुढं करारात दिसतो. ८ फेब्रुवारी २००७ला नवा करार झाला, भारतातर्फे प्रणव मुखर्जी यांची सही. सल्ल्यानं चालण्याचं ते जुनं वाक्य, १९१०पासून चिकटलेलं, गेलं. त्या जागी आलं की दोन्ही देश राष्ट्रीय हिताच्या बाबतीत निकट सहकार्य करतील, आणि कुणीही आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेला बाधक ठरेल अशा कामाला वापरू देणार नाही. शस्त्रं आणण्याच्या कलमातही सैलपणा आला. पुढच्याच वर्षी, २००८ला, भूतानात पहिली निवडणूक झाली. राजानं स्वतः सत्ता सोडली, लोक नको म्हणत असताना. म्हणजे लोकशाही येण्याआधी राजानं घराची कागदपत्रं नीट करून ठेवली.

दिल्लीचं इथं मला कौतुक वाटतं. भूताननं गळा काढायच्या आत, रस्त्यावर मोर्चा यायच्या आत, आपण ते कलम सोडलं. नेपाळच्या १९५०च्या कराराबद्दल आपण हे अजून केलेलं नाही आणि त्याची फळं दर पाच-सात वर्षांनी चाखतो.

पण कौतुक फार करू नये, कारण २०१३ आहे. भूतानात दुसरी निवडणूक होती, जुलैमध्ये. आदल्या वर्षी त्यांचे पंतप्रधान चीनच्या पंतप्रधानांना रिओमध्ये भेटले होते, त्यावरून दिल्लीत नाराजी होती. आणि मतदान दोन आठवड्यांवर आलेलं असताना, १ जुलैला भारतानं स्वयंपाकाच्या गॅसवरची आणि रॉकेलवरची सबसिडी बंद केली. सिलिंडरचे भाव दुपटीच्या वर गेले. दिल्लीनं सांगितलं, योजनेचा कालावधी ३० जूनला संपला, तांत्रिक बाब आहे. असेलही. पण थंडीच्या देशात चूल विझवून कुणी तांत्रिक बाब समजावून सांगू नये. सत्ताधारी पक्ष हरला. नवं सरकार आलं, सबसिडी पुन्हा सुरू झाली. भूतानच्या माणसाच्या मनात काय आलं असेल? गादीवर कोण बसणार हे पुन्हा बाहेरून ठरतंय. आपला बेगडा झाला होता, पाहा. पन्नासेक वर्षांत दंतकनं जे कमावलं ते एका सिलिंडरात घालवायची वेळ आणली होती.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला कुणालाच आवडत नाही. १९९०च्या सुमारास भूताननं दक्षिणेतल्या नेपाळी भाषक लोकांना, ल्होत्शाम्पांना, देशाबाहेर काढलं. लाखाच्या घरात माणसं भारतातून पुढं नेपाळच्या छावण्यांत गेली. वीस-वीस वर्षं बांबूच्या झोपड्यांत राहिली, शेवटी बहुतेकांना अमेरिकेनं घेतलं. भारत म्हणाला, हा भूतान आणि नेपाळचा प्रश्न. मित्राचं घर म्हणून आपण डोळे मिटले. अंतर्गत कारभारात हात घालणार नाही, हे कलम आपण इथं फार इमानेइतबारे पाळलं. ही या मैत्रीची काळी बाजू आहे आणि ती झाकून भूतानच्या राष्ट्रीय आनंदाचे गोडवे गाणं मला जमत नाही.

आता डोकलाम. जून २०१७मध्ये चीननं डोकलामच्या पठारावर रस्ता सुरू केला. जागा भूतानची, पण तिथून सिलिगुडीची चिंचोळी पट्टी जवळ, जिथून आपला सगळा ईशान्य भारत जोडलेला आहे. भारतीय सैनिक आडवे उभे राहिले, २८ ऑगस्टला दोन्ही सैन्यं मागं झाली. सगळ्या वाहिन्या त्या वेळी ओरडत होत्या. भूतान? एक छोटं निवेदन, २९ जूनला, आणि मग गप्प. काहींना त्याचा राग आला. मला ते गप्प राहणं फार बोलकं वाटलं. कारण त्यामागची गोष्ट ही आहे की १९९०च्या दशकात चीननं भूतानपुढं प्रस्ताव ठेवला होता: उत्तरेतला ४९५ चौरस किलोमीटरचा मुलूख आम्ही सोडतो, तुम्ही पश्चिमेतला डोकलामसह २६९ चौरस किलोमीटर सोडा. आकड्यांनी पाहिलं तर फायद्याचा सौदा. भूताननं तो केला नाही. पंचवीस-तीस वर्षं चर्चेच्या फेऱ्या करत राहिला, हो म्हटलं नाही, तोडूनही टाकलं नाही. २०२३ला त्यांचे परराष्ट्रमंत्री बीजिंगलाही गेले. चीनशी राजनैतिक संबंध आजही नाहीत; सुरक्षा समितीच्या पाचही कायम सदस्यांशी नाहीत. यामा आपले काय भेटस, तर हे भेटतं. सिलिगुडीच्या डोक्यावरची ती जागा शेजाऱ्यानं विकली नाही.

शेवटी पुढचं थोडं. आसामच्या सीमेलगत गेलेफूला राजे मोठं नवं शहर उभं करतायत. कोक्राझारहून तिथवर ६९ किलोमीटरची रेल्वे भारत बांधणार आहे, दुसरी बनारहाट ते सामत्से. भूतानात आजवर रेल्वे नव्हती. पण तेच भूतान २०१६ला चार देशांच्या मोटार वाहतूक कराराला आपल्या वरिष्ठ सभागृहात नकार देऊन बसलं होतं, आमच्या डोंगरात तुमचे ट्रक नकोत म्हणून. आपल्या पर्यटकाकडून रात्रीला बाराशे रुपये शुल्क घेतं तेही त्याच हिशेबानं. रेल्वे हवी, पण कुठवर, ते आम्ही ठरवू.

वीजही आता नव्या वळणावर आहे. चुखाच्या वेळी समोरासमोर दोन सरकारं होती. २०२४ला टाटा पॉवरनं खोरलोछू प्रकल्पात चाळीस टक्के भागीदारी घेतली, अदानी समूह वांगछूवर ५७० मेगावॉटचा प्रकल्प करणार आहे. अनुदान कमी, भांडवल जास्त. २०१३ला सबसिडी गेली तेव्हा थिम्पूनं दिल्लीला शब्द टाकला आणि ऑगस्टमध्ये ती परत मिळाली. कंपनीशी झालेल्या करारात दराचा वाद निघाला, तर तिथं राजनैतिक मैत्री किती कामाची, यावर भूतानच्या संसदेत बोललं जाईल, ती मंडळी अभ्यास करून बोलतात. आपल्या लोकसभेत यावर बोलणारा खासदार खानदेशातून गेला तर मला आवडेल. तीन-चार तर आपण पाठवतोच.

माझी वेळ संपली. मागच्या रांगेतून दोन हात केव्हाचे वर आहेत, माईक तिकडं द्या.